सिंगापूर ते न्यूयॉर्क विमानप्रवास: अंतर, वेळ आणि वाट – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूर ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर किती आहे?

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ यांच्यातलं सरळ हवाई अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर आहे. मैलांत सांगायचं तर साधारण ९,५४० मैल, आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत साधारण ८,२९०.

हा आकडा किती मोठा आहे ते लक्षात येण्यासाठी एक तुलना. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून जास्तीत जास्त २०,००० किलोमीटरच दूर असू शकतात, कारण पृथ्वीचा घेरच ४०,००० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे ही दोन शहरं जितकं लांब असणं शक्य आहे त्याच्या तीन चतुर्थांशाहून जास्त अंतरावर आहेत.

थेट विमानाला किती वेळ लागतो?

वेळापत्रकात साडेअठरा ते एकोणीस तास धरलेले असतात. प्रत्यक्ष हवेतला वेळ बहुतेक वेळा सतरा ते अठरा तासांच्या घरात असतो. एखाद्या दिवशी वारा चांगला मिळाला तर विमान वेळेआधी पोहोचतं आणि वारा फिरला तर उशीर होतो. एकाच मार्गावर, एकाच विमानाला, लागोपाठच्या दोन दिवसांत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. असं का होतं हेच या मार्गाचं खरं वैशिष्ट्य आहे, आणि खालच्या बऱ्याच उत्तरांत तेच पुन्हा पुन्हा येईल.

वेगवेगळ्या संकेतस्थळांवर अंतराचे वेगवेगळे आकडे का दिसतात?

कारण प्रत्येक जण वेगळ्या दोन टोकांमधलं अंतर मोजतो. कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी विमानतळापासून. न्यूयॉर्कला तर मोठे विमानतळच तीन आहेत. सिंगापूरहून थेट विमानं जेएफके आणि नेवार्क या दोन्ही ठिकाणी जातात. नेवार्क हा शेजारच्या न्यू जर्सी राज्यात, हडसन नदीपलीकडे आहे, तरी प्रवाशांच्या दृष्टीने तो न्यूयॉर्कचाच विमानतळ. दोघांच्या अंतरात फरक मात्र अगदी थोडा, काही किलोमीटरांचा.

दुसरं कारण गणिताचं. पृथ्वी पूर्ण गोल धरली तर एक आकडा येतो, आणि ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे हिशेबात धरलं तर थोडा वेगळा येतो. पाच-दहा किलोमीटर इकडेतिकडे. त्याची काळजी करू नका.

खरा घोटाळा मैलांचा होतो. एका ठिकाणी ९,५४० मैल वाचलेलं असतं, दुसरीकडे ८,२९०, आणि माणूस गोंधळतो. दोन्ही बरोबर आहेत. पहिला जमिनीवरचा मैल, म्हणजे १.६०९ किलोमीटर, दुसरा सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानचालनात सगळीकडे सागरी मैलच चालतो. म्हणून आकडा पाहण्याआधी एकक पाहावं.

सगळ्यात जवळची वाट खरंच उत्तर ध्रुवावरून जाते का?

हो, जवळजवळ ध्रुवावरूनच. भिंतीवरच्या नकाशात हे दिसत नाही, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणून बसवली की उत्तरेकडचा भाग फुगतो आणि ध्रुव तर एका बिंदूऐवजी कागदाच्या वरच्या कडेइतका पसरतो. अशा नकाशावर पट्टी ठेवून मारलेली सरळ रेघ प्रत्यक्षात लांबची असते.

हे स्वतःच्या हाताने करून पाहण्यासारखं आहे. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या. एक टोक अंगठ्याने सिंगापूरवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा हळूहळू ताणत न्या. सैल असताना तो पॅसिफिकवर कुठेतरी लोळत असतो. ताण वाढला की तो आपोआप वर सरकतो, जपानच्या बाजूने, सैबेरियाच्या कडेने, आणि शेवटी उत्तर ध्रुवाला टेकूनच थांबतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा दोरा घसरला असं वाटून तीनदा पुन्हा लावला होता. दोरा बरोबरच होता. भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्वृत्त म्हणतात.

ज्यांना आकड्यांची आवड आहे त्यांच्यासाठी: सिंगापूर साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम रेखांशावर. बेरीज १७८. म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरं जवळपास बरोबर पाठीला पाठ लावून आहेत. पूर्ण १८० असते तर वाट नेमकी ध्रुवबिंदूवरून गेली असती. आता सिंगापूर विषुववृत्तापासून सव्वा-दीड अंश उत्तरेला आहे, म्हणजे ध्रुवापासून सुमारे ८८.६ अंश. न्यूयॉर्क ध्रुवापासून सुमारे ४९.४ अंश. बेरीज १३८ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार करा, १५,३०० च्या वर उत्तर येईल. संगणकाशिवाय, कागदावर, इतक्या जवळ पोहोचता येतं याचा मला अजूनही आनंद वाटतो.

मग विमान ध्रुवावरून का जात नाही?

कारण विमानाला जवळची वाट नको असते, कमी वेळाची आणि कमी इंधनाची वाट हवी असते. या दोन गोष्टी एकच आहेत असं आपण जमिनीवर राहून समजतो. हवेत तसं नसतं.

विमान जमिनीच्या तुलनेत उडत नाही, भोवतालच्या हवेच्या तुलनेत उडतं. हवाच जर पुढे धावत असेल तर विमान तिच्यासोबत वाहून जास्त पुढे जातं. वाहत्या नदीत होडी वल्हवण्यासारखं आहे हे: वल्ही तेवढ्याच जोराने मारा, प्रवाहाबरोबर गेलात तर काठ भराभर मागे पडतो, प्रवाहाविरुद्ध गेलात तर हलत नाही.

उत्तर गोलार्धात नऊ ते सोळा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते सगळ्यात जोमात असतात आणि त्यांच्या गाभ्यात वारा ताशी २०० किलोमीटरच्या पुढेही सहज जातो. प्रवासी विमानं साधारण याच उंचीवर उडतात.

आता ही दोन शहरं पाठीला पाठ लावून आहेत ही गोष्ट पुन्हा आठवा. त्यामुळे एक विलक्षण सोय झाली आहे. सिंगापूरहून न्यूयॉर्कला पूर्वेकडून जा किंवा पश्चिमेकडून, फार फरक पडत नाही. म्हणून सिंगापूरहून निघालेलं विमान साधारणपणे पूर्वेची वाट धरतं: दक्षिण चीन समुद्र, जपानच्या बाजूने उत्तर पॅसिफिक, मग अलास्का किंवा कॅनडाच्या किनाऱ्याकडून उत्तर अमेरिका ओलांडून न्यूयॉर्क. वारा पाठीशी. आणि परतताना? आलेल्या वाटेनेच मागे फिरलं तर तोच वारा तोंडावर येईल. म्हणून न्यूयॉर्कहून निघालेलं विमान बरेचदा पुन्हा पूर्वेकडेच तोंड करतं: अटलांटिक, युरोप, मध्य आशियाचा टापू, भारत, बंगालचा उपसागर आणि सिंगापूर. पुन्हा वारा पाठीशी.

म्हणजे जाऊन-येऊन तिकीट काढलेला माणूस पुष्कळदा अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा करून घरी येतो, आणि त्याला ते कुणी सांगतही नाही. इतक्या मार्गांबद्दल वाचलं, पण जाताना आणि येताना दोन्ही वेळा वारा पाठीशी घेता येण्याइतका नशीबवान मार्ग क्वचितच सापडतो.

लांबच्या वाटेने गेल्यावर वेळ कसा काय वाचतो? हिशेब समजावून सांगा.

समजा ध्रुवाजवळची वाट १५,३५० किलोमीटर आहे, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आहे आणि वाटेत सरासरी २० किलोमीटर वेगाचा वारा समोरून येतो. जमिनीच्या हिशेबाने वेग राहिला ८८०. लागणारा वेळ सुमारे १७ तास २७ मिनिटं.

आता पॅसिफिकवरून जाणारी वाट घ्या, समजा १६,४०० किलोमीटर. हजारभर किलोमीटर जास्त. पण इथे सरासरी ८० किलोमीटरचा वारा पाठीमागून आहे, म्हणजे वेग ९८०. वेळ सुमारे १६ तास ४४ मिनिटं. लांबची वाट, आणि पाऊण तास लवकर.

हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. रोजचा वारा रोज वेगळा. म्हणूनच प्रत्येक उड्डाणाआधी विमान कंपनीचे डिस्पॅचर त्या दिवसाचा हवामानाचा अंदाज घेऊन वाट नव्याने आखतात. कालची वाट आज वापरतीलच असं नाही. तुम्ही उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर आठवडाभराच्या वाटा एकावर एक ठेवून पाहिल्यात तर पंख्याच्या पात्यांसारख्या पसरलेल्या दिसतील.

ध्रुवाकडची वाट टाळण्याचं कारण फक्त वारा आहे का?

मुख्य कारण वाराच. पण आणखीही गोष्टी असतात. फार उत्तरेला गेलं की विषुववृत्तावर स्थिरावलेले दळणवळण उपग्रह क्षितिजाखाली जातात आणि संपर्काची वेगळी व्यवस्था लागते. थंडी इतकी असते की इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवावं लागतं. जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश सेल्सिअस आहे आणि बाहेर त्याहून खाली पारा असतो. शिवाय वाटेत अडीअडचणीला उतरता येतील असे विमानतळ थोडे. आणि कुणाच्या आकाशातून जाता येतं हाही प्रश्न आहेच: २०२२ पासून अनेक विमान कंपन्या रशियाच्या हवाई हद्दीतून जात नाहीत, आणि ध्रुवाकडून आशियात उतरणारी सरळ वाट नेमकी तिथूनच जाते.

१५,३५० ला ९०० ने भागलं तर सतरा तास येतात. मग तिकिटावर जवळपास एकोणीस का?

तिकिटावरचा वेळ हा गेटपासून गेटपर्यंतचा असतो, उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचा नसतो. विमान गेटवरून मागे ढकललं गेलं की घड्याळ सुरू. मग चाकांवर हळूहळू धावपट्टीपर्यंत जाणं, तिथली रांग, वर चढताना कमी असलेला वेग, उतरताना पुन्हा कमी झालेला वेग, न्यूयॉर्कच्या गर्दीच्या आकाशात आपली पाळी येईपर्यंत घातलेला एखादा फेरा, आणि शेवटी गेटपर्यंतची चाल. त्यातच वाट वळणावळणाची असते हे वर आलंच. यावर कंपन्या थोडा वेळ राखीव धरतात, म्हणजे रोजच्या किरकोळ विलंबाने वेळापत्रक कोसळत नाही.

म्हणून विमान "अर्धा तास लवकर" पोहोचलं असं ऐकलं तर वैमानिकाने जोरात पळवलं असं समजू नये. राखून ठेवलेला वेळ त्या दिवशी लागला नाही, एवढंच.

समोरच्या पडद्यावर वेग ताशी १,०८० किलोमीटर दिसत होता. विमान ध्वनीच्या वेगापुढे गेलं का?

नाही. हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर पॅसिफिकवर सगळा केबिन अंधारात झोपलेला, मी एकटा पडद्याकडे पाहत होतो: उंची ११,२०० मीटर, बाहेरचं तापमान उणे ५६, वेग १,०८०. त्या तापमानाला ध्वनीचा वेग ताशी साधारण १,०६० किलोमीटर असतो, म्हणजे पडद्यानुसार आम्ही तो ओलांडलेला होता. आणि पेल्यातल्या पाण्यावर साधा तरंगही नव्हता.

पडद्यावरचा वेग जमिनीच्या तुलनेतला असतो. ध्वनीचा अडथळा मात्र हवेच्या तुलनेत लागतो. भोवतालच्या हवेत विमान ९०० च्या आसपासच उडत होतं, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट, उरलेले दीड-पावणेदोनशे किलोमीटर वाऱ्याची देणगी.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडे जाणारं विमान लवकर पोहोचायला नको का?

पृथ्वीसोबत तिचं वातावरणही फिरतं आणि विमान त्या वातावरणात असतं. धावत्या रेल्वेच्या डब्यात चेंडू वर उडवला तर तो तुमच्याच हातात परत पडतो, तसंच. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम वाऱ्यांच्या दिशेवर होतो, आणि त्या वाऱ्यांतून आपल्या वेळेवर. पण पायाखालून जमीन सरकते आणि विमान वर थांबून राहतं असं काही होत नाही.

दोन शहरांच्या घड्याळांत किती फरक आहे?

उन्हाळ्यात १२ तास, हिवाळ्यात १३ तास. सिंगापूर नेहमी पुढे. सिंगापूर आपलं घड्याळ वर्षभर बदलत नाही. न्यूयॉर्क मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे नेतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतं. मार्च ते नोव्हेंबर या काळात काम सोपं: काटे तेच ठेवा, फक्त सकाळची रात्र समजा.

अमुक वाजता निघालो तर किती वाजता पोहोचेन?

युक्ती एकच आहे: आधी निघालेल्या शहराच्या घड्याळात प्रवासाचा वेळ मिळवा, मग शेवटी एकदाच फरक वजा किंवा अधिक करा. वाटेतल्या कालविभागांचा विचारच करू नका.

सोमवारी रात्री ११:३५ ला सिंगापूरहून निघालात आणि प्रवास १८ तास २५ मिनिटांचा आहे. सिंगापूरच्या घड्याळात मंगळवारी संध्याकाळचे ६ वाजले. उन्हाळा असेल तर १२ तास वजा करा: न्यूयॉर्कमध्ये मंगळवार सकाळचे ६. भिंतीवरच्या घड्याळांनुसार तुम्ही जेमतेम साडेसहा तासांत पोहोचलात.

उलट दिशेने सोमवारी सकाळी १०:४५ ला न्यूयॉर्कहून निघालात, प्रवास १८ तास ४५ मिनिटं. न्यूयॉर्कच्या घड्याळात मंगळवार पहाटेचे ५:३०. बारा तास मिळवा: सिंगापूरमध्ये मंगळवार संध्याकाळचे ५:३०. इथे कॅलेंडरवरून सव्वा दिवस गेला. हॉटेल राखताना लोक नेमकी इथेच चूक करतात आणि एक रात्र जास्त किंवा कमी धरतात. तारीख तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे छापलेली असते, तीच धरा.

वाटेत किती वेळा उजाडतं आणि मावळतं?

वरचंच रात्री ११:३५ चं उड्डाण ऑक्टोबरात घ्या. निघाल्यावर पाचएक तासांत, जपानच्या पूर्वेला, मंगळवार उजाडतो. विमान सूर्याकडे तोंड करून धावत असल्याने दिवस आखूड होतो, सहा-सात तासांत संपतो. आणि दरम्यान आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडलेली असते, त्यामुळे मंगळवारची सकाळ पाहून झाल्यावर तुम्ही पुन्हा सोमवारच्या दुपारी येता. सोमवारचा सूर्य अलास्काच्या बाजूला मावळतो, मग उत्तर अमेरिकेवर एक पूर्ण रात्र, आणि न्यूयॉर्कला उतरताना मंगळवार दुसऱ्यांदा उजाडायच्या बेतात असतो.

खिडकीची जागा घेतली असेल तर त्या आखूड दिवसात एकदा तरी झडप वर करा. केबिनमधले दिवे मालवलेले असतात, सगळे झोपलेले असतात, आणि बाहेर पांढरंशुभ्र ऊन असतं.

या मार्गावर कोणतं विमान उडतं?

सिंगापूर एअरलाइन्सचं एअरबस ए३५०-९०० यूएलआर. यूएलआर म्हणजे अति-लांब पल्ल्याचं. दिसायला ते साध्या ए३५०-९०० सारखंच आहे. फरक इंधनव्यवस्थेत आहे. वेगळ्या टाक्या न जोडता आहे त्याच टाक्यांत १,४१,००० लिटरऐवजी १,६५,००० लिटर इंधन मावेल अशी तजवीज केली आहे. पल्ला सुमारे १८,००० किलोमीटर.

१,६५,००० लिटर इंधनाचं वजन जवळपास १३० टन भरतं, आणि या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २८० टन आहे. म्हणजे टाक्या काठोकाठ भरल्या तर जमीन सोडताना जवळपास निम्मं विमान हे निव्वळ इंधन असतं. पहिल्या काही तासांत जळणाऱ्या इंधनाचा मोठा वाटा शेवटच्या तासांचं इंधन वाहून नेण्यातच खर्च होतो. अति-लांब उड्डाणांचं सगळं अवघडपण या एका गोष्टीत आहे.

या विमानात साधा इकॉनॉमी क्लास का नाही?

वजनामुळे. या विमानात फक्त १६१ जागा आहेत: ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. याच जातीच्या नेहमीच्या विमानात तीनशेच्या आसपास माणसं सहज बसतात. इतकी माणसं आणि त्यांचं सामान घेतलं तर पल्ला घटतो. कमी माणसं न्यायची तर तिकीट महाग पडणार, आणि महाग तिकीट काढणाऱ्याला अठरा तास नीट बसता आलं पाहिजे. मला हे पटतं. पण ज्याला साधं स्वस्त तिकीट हवं आहे त्याच्यासाठी हा मार्ग नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं.

ही थेट सेवा कधीपासून आहे?

पहिल्यांदा २८ जून २००४ ला सिंगापूर–नेवार्क थेट उड्डाण सुरू झालं, चार इंजिनांच्या एअरबस ए३४०-५०० विमानाने. २००८ मध्ये त्या विमानांत १०० जागा, सगळ्या बिझनेस क्लासच्या, करण्यात आल्या. पण तेल महागलं, चार इंजिनांची भूक परवडेना, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये सेवा बंद पडली. दोन इंजिनांचं ए३५०-९०० यूएलआर हाती आल्यावर ११ ऑक्टोबर २०१८ ला ती पुन्हा सुरू झाली. पहिलंच विमान वेळापत्रकाच्या आधी नेवार्कला उतरलं. कोविडमध्ये २०२० च्या मार्चपासून पुन्हा खंड. नोव्हेंबर २०२० मध्ये जेएफकेची सेवा आणि मार्च २०२२ मध्ये नेवार्कची सेवा चालू झाली.

अंतर तेच होतं. ते परवडण्यासाठी इंजिनं बदलावी लागली.

वाटेत थांबा घेतला तर किती वेळ लागतो?

फ्रँकफर्टमार्गे जाणारं उदाहरण घ्या. सिंगापूर–फ्रँकफर्ट सुमारे १०,२५० किलोमीटर, फ्रँकफर्ट–जेएफके सुमारे ६,२०० किलोमीटर. एकूण साडेसोळा हजारांच्या आत, म्हणजे सरळ अंतरापेक्षा हजार-अकराशे किलोमीटरच जास्त. पण वेळ तेवीस-चोवीस तास, कारण मध्ये उतरणं, इंधन भरणं, पुन्हा निघणं आहे. इतर शहरांतून विमान बदलून गेलात तर थांब्याच्या लांबीनुसार तीस तासही होतात.

माझं मत विचाराल तर: पाठ धरत असेल, पाय सुजत असतील किंवा लहान मूल सोबत असेल तर थांबा घेऊन जाणं वाईट नाही. पाच तास जास्त जातात, पण मध्ये मोकळं चालता येतं. फक्त थांबा दीड-दोन तासांचा तोकडा नसावा.

दोनच इंजिनं आणि खाली महासागर. एक बंद पडलं तर?

विमान एका इंजिनावर उडू शकतं, आणि वाट आखतानाच ही शक्यता धरलेली असते. दोन इंजिनांच्या विमानाला, एका इंजिनाच्या बळावर ठरावीक वेळात गाठता येईल असा एखादा विमानतळ संपूर्ण वाटेवर टप्प्यात ठेवावा लागतो. विमानचालनात या नियमाला ईटॉप्स म्हणतात. ए३५०-९०० ला २०१४ मध्ये यासाठी ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली. बहुतेक वाटांवर तेवढी लागतही नाही. समुद्रावर असताना पडद्यावरचा नकाशा रिकामा दिसतो, पण वैमानिकांच्या हाती "आत्ता काही झालं तर कुठे" याचं उत्तर दर क्षणी तयार असतं.

वैमानिक झोपतात का?

झोपतात आणि झोपलंच पाहिजे. या उड्डाणावर चार वैमानिक असतात. कॉकपिटमध्ये नेहमी दोघे, बाकीचे दोघे विश्रांतीच्या कक्षात, खऱ्याखुऱ्या बिछान्यावर. आळीपाळीने प्रत्येकाला जवळपास निम्मा वेळ विश्रांती मिळते.

इतक्या तासांत शरीराचं काय होतं?

दोन गोष्टींकडे खरोखर लक्ष द्या. पहिली पाय. चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसून राहिल्यास पोटरीच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. निरोगी माणसात तो थोडा आहे, पण नुकती शस्त्रक्रिया झालेली, गरोदरपण, आधी गुठळी झालेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. ते दाब देणारे मोजे किंवा औषध सुचवतील. बाकी सगळ्यांनी दर तास-दोन तासांनी उठून चालावं, आणि बसल्या बसल्या घोटे फिरवावेत, टाचा उचलाव्यात. शेजारच्याला उठवायचा संकोच वाटत असेल तर मधल्या वाटेलगतची जागा आधीच घ्या. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

दुसरी झोप. बारा तासांचा फरक म्हणजे शरीराचं घड्याळ पूर्ण उलटं. ते दिवसाला साधारण एखाद्या तासाने सरकतं, म्हणून पूर्ण जुळायला दहा-बारा दिवस जातात. औषधापेक्षा उजेड जास्त काम करतो: पोहोचलेल्या ठिकाणी दिवस असेल तर बाहेर पडा, रात्र असेल तर पडदे लावा आणि फोन दूर ठेवा. पहिल्या दोन दिवसांत महत्त्वाची बैठक किंवा लांबचं ड्रायव्हिंग ठेवू नका.

केबिनमधली हवा फार कोरडी असते, तेव्हा पाणी पीत राहा. ए३५० मध्ये केबिनचा दाब सुमारे ६,००० फूट उंचीवर असावा तसा राखतात, म्हणून थकवा थोडा कमी जाणवतो.

जगातलं सगळ्यात लांब थेट उड्डाण हेच का?

नियमित प्रवासी सेवांमध्ये अंतराने सगळ्यात लांब, हो. त्याच्या मागोमाग ऑकलंड–दोहा (सुमारे १४,५३५ किलोमीटर) आणि पर्थ–लंडन (सुमारे १४,५०० किलोमीटर) येतात. क्वांटास कंपनी सिडनी–लंडन थेट उड्डाणाची तयारी करत आहे. ते अंतर सुमारे १७,००० किलोमीटर आहे. २०१९ मधल्या चाचणी उड्डाणाला लंडनहून सिडनीला पोहोचायला १९ तास १९ मिनिटं लागली होती.

विमान उशिरा सुटलं तर वैमानिक हवेत वेळ भरून काढतात का?

फारसा नाही. ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीवरून ०.८६ पटीवर गेलं तर सतरा तासांत बारा मिनिटं वाचतात, आणि इंधन बरंच जास्त जळतं. एवढ्या लांबच्या मार्गावर इंधन उधळायची मुभा नसते. तासभर उशिरा सुटलेलं विमान वाऱ्याने साथ दिली तरच वेळेवर पोहोचतं.

म्हणून न्यूयॉर्कहून पुढचं विमान धरायचं असेल तर किमान तीन तास मोकळे ठेवा, आणि पुढचं विमान जेएफकेवरून आहे की नेवार्कवरून की ला गार्डियावरून हे तिकीट काढतानाच पाहा. अमेरिकेत पहिल्या उतरत्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं. पट्ट्यावरून सामान स्वतः उचलून कस्टम्समधून न्यावं लागतं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावं लागतं, सामानाची चिठ्ठी शेवटच्या शहराची असली तरी.